चवीची वाटी

“हे किती जणांचं?” पातेल्यावरचं झाकण उचलत लेकीने विचारलं.

“एकाचं,” आचारीबुवा म्हणाले.

“बाबा, यात तुम्ही पोहाल.”

डाळ खरंच काठापर्यंत आली होती. बुवांचा तरी काय दोष? एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोनशे जणांची डाळ शिजवली होती. त्यांच्या हाताला घमेलं कळायचं, चिमूट नाही. घरी बायकोने त्यांना शेगडीकडे फिरकू दिलं नव्हतं. तुमचा दोनशेचा हात माझ्या डब्यांत नको, म्हणायची. दोघांनी निवांत जेवायचं म्हणून ते निवृत्त झाले आणि महिन्याभरात बायको गेली. निवांतपणा तेवढा उरला.

लेकीचं म्हणणं सरळ होतं, माझ्याकडे राहायला चला. बुवांचंही सरळ होतं, मी माझं करून खाईन. खिडकीपाशी बायकोची खुर्ची होती, समोर त्यांची. ही दोन खुर्च्यांची जागा सोडायची नाही, एवढंच त्यांना कळत होतं. पण असं काही तोंडाने बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते हट्टी ठरले. लेक त्यांचीच. तिने अट घातली. पुढच्या रविवारी येते, एका माणसाची डाळ करून दाखवा. जमली तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमली तर सामान बांधायचं.

सोमवारी उरलेली डाळ खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे गेली. त्याने तोंड भरून कौतुक केलं. मंगळवारी कौतुक निम्म्यावर आलं. बुधवारी शिंप्याने दाराआडून स्वतःच सांगितलं की घरात कुणी नाही.

गुरुवारी बुवांनी डोकं चालवलं आणि दोनशेच्या मापाला सरळ दोनशेने भागलं. डाळ भागली गेली, मीठ भागलं गेलं. आच काही भागली जाईना. इवल्याशा पातेल्यातलं पाणी बघता बघता उडालं आणि डाळ बुडाला लागली. शुक्रवारी मात्र त्यांनी भागाकार सोडला. मूठभर डाळ धुतली, चौपट पाणी घातलं, हळद टाकली आणि आच बारीक करून शेजारी उभे राहिले. मऊ झाल्यावर पळीने घोटली, वर जिरं-लसणाची फोडणी दिली. इतकं सोपं काम आपल्याला इतके दिवस अडलं, याचा त्यांना थोडा रागच आला.

पण खरी अडचण पुढेच होती. इस्पितळात नियम होता, आचाऱ्याने स्वतःच्या हातचं स्वतः पारखायचं नाही. पहिली वाटी मोठ्या सिस्टरांकडे जायची. त्या खुर्चीवर बसून एक चमचा घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ठीक.” मगच गाडी वॉर्डांकडे निघायची आणि मगच आचारी जेवायचा. एकतीस वर्षांत त्यांनी ‘छान’ म्हटलं नाही, बुवांनीही कधी अपेक्षा धरली नाही. म्हणून शनिवारी ते एक वाटी घेऊन शिंप्याकडे गेले. मागे पातेलं लपवलेलं नाही याची खात्री करून शिंप्याने चमचाभर घेतली. मीठ जरा पुढे आहे, म्हणाला.

रविवारी लेक आली. एका माणसाची डाळ दोघांनी निम्मी निम्मी घेतली, पातेलं पुसलं गेलं. लेकीने वाटीतलं शेवटचं बोटाने चाटलं.

“आईसारखी नाही,” ती म्हणाली. “पण ठीक आहे.”

बुवा जिंकले. दारात चपला घालताना ती खाली बघत म्हणाली, “मला वाटलं होतं, तुम्हाला जमायचं नाही. खोली झाडून ठेवली होती मी.”

“असू दे,” बुवा म्हणाले. “कुणी आलं-गेलं तर लागतेच.”

ती जिना उतरून कोपऱ्यावर वळेपर्यंत ते खिडकीत उभे होते.

सोमवारी दुपारी डाळ पहिल्या फटक्यात नेमकी झाली. ना थेंब जास्त, ना दाणा. बुवांनी स्वतःचं ताट वाढलं, चवीची वाटी भरली आणि थांबले. शिंपी कपडे पोचवायला गेला होता. त्यांनी वाटी समोरच्या खुर्चीपुढे ठेवली आणि आपल्या जागी बसले. ताटातल्या भाताची वाफ हळूहळू विरली. वाटीतल्या डाळीवर पातळ साय धरली.

मग ते उठले. टेबलाला वळसा घालून खिडकीपाशच्या खुर्चीत जाऊन बसले. चमचाभर डाळ घेतली, तोंडात जराशी घोळवली.

“ठीक,” ते म्हणाले.

आणि उठून परत आपल्या जागेवर येऊन जेवायला बसले.