बंडूच्या बाजूची सीट

“म्हणजे आता पाटी कोरी ना, मॅडम?” बंडूने तिसऱ्यांदा विचारलं.

विम्याची कामं करणाऱ्या मेघना मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. गिरगावात एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं आणि बंडूच्या ट्रॅव्हलरचा विमा दरवर्षी त्याच उतरवून देत.

“बंडूभाऊ, दंड भरलात. लायसन सहा महिने गेलं होतं, ते परत आलं. गाडीच्या दुरुस्तीचे पैसे कंपनीने तेव्हा नाकारले, पुढे दोनेक वर्षं नाकंही मुरडली. आता इतक्या वर्षांत तुमचा एकही क्लेम नाही. सवलत पूर्ण मिळतेय. कंपनी खूश आहे तुमच्यावर.”

“आणि आरटीओच्या कॉम्प्युटरमध्ये?”

“तिथे नोंद राहते हो. परत सापडलात तर दुसरा गुन्हा म्हणून धरतील. नाही सापडलात तर ती बिचारी झोपून राहील तिथेच. तिला उठवायला कोण जातंय?”

बंडूला हायसं वाटलं. पण जिन्याखालून बाहेर येईपर्यंतच. कारण कंपनी विसरेल, सरकार झोपेल, पण घोडपदेवच्या त्याच्या चाळीत जयवंतआबा जागे होते.

प्रकरण सहा वर्षांपूर्वीच्या गटारीचं. चाळीत कोंबडीचा रस्सा होता, वडे होते, बाटल्याही होत्या. लिंबं संपली. बंडूने छाती ठोकून सांगितलं, “मी आणतो,” आणि चार लिंबं आणायला सतरा सीटची गाडी काढली. हा माणूस शुद्धीत नाही, हे कळायला खरं तर यंत्राची गरजच नव्हती. भायखळ्याला नाकाबंदी दिसली, बंडूने घाईने वळण घेतलं आणि गाडी दुभाजकावर चढली. सुदैवाने कुणाला खरचटलंही नाही. पोलिसाने नळी पुढे केली, बंडूने फुंकली आणि पुढचं सगळं रीतसर झालं.

चाळीतल्या गाववाल्यांचं एक मंडळ होतं. देवीच्या जत्रेला सगळे बंडूच्याच गाडीने कणकवलीकडे जायचे. त्या वर्षी मंडळाने गाडी बदलायची ठरवली. तेव्हा जयवंतआबा उठून उभे राहिले. गिरणीत उभी हयात काढलेला, गावात आणि चाळीत ज्याचा शब्द खाली पडत नाही असा म्हातारा. “गाडी बंडूच चालवतलो. मी बसतंय तेच्या बाजूक,” ते म्हणाले. संपला विषय.

तेव्हापासून आबा ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसत आणि मुंबई ते गाव डोळ्याला डोळा लागू देत नसत. दर चहाच्या टपरीवर “आ कर” म्हणून बंडूच्या तोंडाचा वास घेत. बंडूने त्या गटारीनंतर बाटलीकडे वळूनही पाहिलं नव्हतं, पण आबांचं नाक निवृत्त व्हायला तयार नव्हतं.

इतकंही चाललं असतं. पण निघण्याआधी आबा देवीला गाऱ्हाणं घालत. गाडीपुढे नारळ ठेवून, सगळ्यांना गोळा करून, खणखणीत आवाजात. त्यात प्रवास सुखाचा कर, पोराबाळांना सांभाळ, हे सगळं झालं की शेवटी यायचं, “आणि ह्या आमच्या बंडूक परत फुंकणी फुंकूची पाळी आणू नको रे महाराजा!” मग सगळी चाळ हौसेने ओरडायची, “व्हय महाराजा!” बाकीच्या मागण्यांपेक्षा याला जोर अंमळ जास्तच असे.

यंदा या गाऱ्हाण्याला व्याही हजर राहणार होते.

बंडूच्या लेकीचं, अनुजाचं लग्न गिरगावातल्या यतीन धैर्यवानशी ठरत आलं होतं. यतीनचे वडील हितेंद्र दातांचे डॉक्टर. माणूस मोकळा, पण एका बाबतीत कडक. त्यांच्या धाकट्या भावाला, शरच्चंद्रला, पिऊन गाडी चालवणाऱ्या एकाने उडवलं होतं. तेव्हापासून तो काठी घेऊन चालायचा. पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाले होते, “पिऊन गाडी चालवणाऱ्याला मी उंबरा ओलांडू देत नाही.” बंडूने तेव्हा समोरच्या पोह्यांत असं काही लक्ष घातलं, की जणू शेंगदाणे मोजतोय. आता बंडूने मुलीचं सासर बघायच्या ऐवजी डॉक्टरच मुलीचं गाव बघायला निघाले होते, मुलाला घेऊन, याच गाडीने.

“पप्पा, यतीनला मी कधीच सांगितलंय,” अनुजा म्हणाली. “त्याच्या बाबांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.”

“सांगायचंच तर आधी सांगा,” बंडूची बायको उर्मिला म्हणाली. “रस्त्यात मधेच कळलं तर काय पनवेलला उतरवणार आहात त्यांना?”

बंडूने सांगितलं नाही. तो आबांच्या खोलीवर गेला. आबा खाटेवर बसून नारळ हलवून पाणी ऐकत होते.

“आबा, यंदा ता एक वाक्य गाळशात?”

“खयचा?” आबांना पक्कं ठाऊक होतं.

“फुंकणीचा.”

“देवाक सांगूचा आणि व्याह्यापासून लपवूचा? देव काय तुझो चुलतभाव?”

“सरकारान सोडल्यान, आबा. विमा कंपनीन सोडल्यान. तुमीच तेवढे धरून बसलात!”

आबांनी नारळ खाली ठेवला. “सरकार तुका जामीन ऱ्हवला नव्हता, बंडू. मी ऱ्हवलंय.”

बंडू चपला घालायला वाकला तेव्हा मागून आवाज आला, “जा. बघतंय मी काय ता.” त्या ‘बघतंय’वर बंडूने पुढचे दोन दिवस काढले.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता गाडी चाळीसमोर उभी होती. झेंडूच्या माळा, टपावर बोचकी, चाकांखाली लिंबं. ती लिंबं पाहून बंडूला दरवर्षी नको ते आठवे. डॉक्टर हितेंद्र कानटोपी घालून, गळ्यात कॅमेरा अडकवून आले. यतीन सामान चढवायला पुढे झाला. डॉक्टरांना सगळ्याचंच कौतुक. लिंबांचं कौतुक, नारळाचं कौतुक.

“गाऱ्हाणं म्हणजे नेमकं काय हो?” त्यांनी उत्साहाने विचारलं.

“असतं... असंच,” बंडू म्हणाला.

आबांनी पांढरी टोपी सारखी केली आणि हात जोडले. “बा देवी महाराजा! आज ही तुझी लेकरां गावाक जाऊक निघाली हत. तेंका सुखरूप ने, सुखरूप आण रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” चाळ गरजली. डॉक्टरही हौसेने ओरडले, अर्धा क्षण उशिरा.

“वाटेत कोणाचा काय वाकडा असात, ता भायरच्या भायर घालव रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

आता ते वाक्य. सगळ्यांनी सवयीने श्वास भरून घेतला.

आबा थांबले. त्यांनी बंडूकडे एकदाच पाहिलं. रागाने नाही, की दटावून नाही. मग ते वाकून नारळ उचलायला लागले. ते वाक्य आलंच नाही. भरलेला श्वास कुठे सोडायचा, हे चाळीला कळेना.

बंडू सुटला होता. आबांनी त्याच्यासाठी देवीपुढे तोंड मिटलं होतं. गप्प राहिला असता तर नारळ फुटला असता, गाडी निघाली असती, लग्नही झालं असतं. पण ऐंशी ओलांडलेला तो माणूस वाकलेला दिसला आणि बंडूला स्वतःची लाज वाटली. सहा वर्षं जो आपल्या बाजूने देवीशी बोलत आला, त्याला आपण गप्प बसवलं.

“थांबा, आबा,” तो म्हणाला. हात जोडले. “आणि ह्या बंडूक... दारू पिऊन गाडी चालवताना पोलिसांनी धरलेल्या ह्या बंडूक, परत फुंकणी फुंकूची पाळी आणू नको रे महाराजा!”

“व्हय महाराजा” कुणीच म्हटलं नाही. सगळे डॉक्टरांकडे बघत होते. अनुजाने आईचा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी कानटोपी काढली. “कधीची गोष्ट?”

“सहा वर्षं झाली. कुणाला लागलं नाही, पण ते नशीब होतं, माझी अक्कल नव्हती. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. घाबरलो.”

“आणि हे वाक्य?”

“आबा दरवर्षी म्हणतात. सगळ्यांसमोर.”

डॉक्टरांनी कानटोपीची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाले, “आमच्या शरूला ज्याने उडवलं ना, तो दंड भरून मोकळा झाला. त्याला चारचौघांत उभं करून असं बोलायला लावणारा कुणी भेटला नाही. भेटायला हवा होता.” ते पुढे आले, अगदी बंडूच्या समोर. “तोंड उघडा.”

“आँ?”

“मोठा आ करा. माझं रोजचंच काम आहे.”

बंडूने आ केला. डॉक्टरांनी मोबाइलचा उजेड पाडून आत पाहिलं, वास घेतला, पुन्हा पाहिलं. सगळी चाळ टाचा उंचावून बघत होती.

“दारू नाही,” डॉक्टरांनी निकाल दिला. “पण उजवीकडची खालची दाढ पार किडलीय. परत आलात की आधी दवाखान्यात या. व्याह्यांकडून फी घेत नाही मी.”

“व्हय महाराजा!” कुणीतरी ओरडलं आणि मग अख्खी चाळ ओरडली. उर्मिला पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, ते तिलाच ठाऊक. आबांनी एका फटक्यात नारळ फोडला. चाकांखालची लिंबं चिरडत गाडी निघाली.

मागे भजन सुरू झालं. भजनात डॉक्टरांचा आवाज सगळ्यात बेसूर आणि सगळ्यात मोठा होता. आबा नेहमीसारखे बाजूच्या सीटवर ताठ बसले होते. वाशीचा पूल गेला. बंडू मनाशी म्हणत होता, पहिल्या टपरीवर आबा आ करायला सांगतील, तेव्हा सांगू की आज तपासणी झाली आहे.

पनवेल यायच्या आधीच त्याच्या डाव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. बंडू दचकला. आबांचं डोकं होतं. पांढरी टोपी मांडीवर घसरली होती, तोंड किंचित उघडं होतं आणि म्हातारा बारीक घोरत होता.

बंडूने मागे हात करून भजन हळू करायला सांगितलं. पहिली चहाची टपरी आली. तिथे त्याने गाडी थांबवली नाही.