बर्फाच्या कारखान्यामागची रेंज

बाबा फोन घेऊन देतो म्हणाला, तेव्हाच मला संशय आला.

आमच्या घरात फोनचा विषय काढायलाही बंदी होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर तो लोकांना लिफ्टमध्ये फोनमध्ये डोकं खुपसून उभं राहिलेलं बघतो आणि घरी येऊन त्यांच्यावर तोंडसुख घेतो. मजला येतो, दार उघडतं, दार मिटतं, यांना पत्ताच नाही, आणि तक्रार मात्र लिफ्टची. त्यामुळे शाळा संपेपर्यंत फोनचं नाव काढायचं नाही असा त्याचा हुकूम होता. एरवी त्याच्या एकाही हुकमाला भीक न घालणारी आई या एका बाबतीत त्याची री ओढायची. मी रडून पाहिलं, रुसून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. जेवण सोडलं तेव्हा बाबाने माझं ताट पुढे ओढलं आणि शांतपणे संपवलं.

आणि हाच बाबा एका सकाळी दाढी करता करता म्हणतो, "ठिणगे, रविवारी बाजारात जाऊ. फोन घेऊ तुला."

ठिणगी म्हणजे मी. डोकं पटकन तापतं म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव.

"कशाबद्दल?" मी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? हवाय ना तुला?"

"हवाय. पण कशाबद्दल?"

त्याने नळ सोडला आणि ऐकूच न आल्यासारखं केलं. आई आतून म्हणाली, "घेऊ दे की. मोठी झाली आता."

मोठी! आदल्याच दिवशी तिने माझ्या हातातून सुरी काढून घेतली होती, बोट कापशील म्हणून. एका दिवसात मी मोठी कशी झाले हे मला कोणी सांगेना.

शाळेत चष्मिसला हे सांगितलं. ती माझ्या बाकावर बसते आणि तिला सगळ्यातलं सगळं कळतं, निदान तिचा तसा समज आहे. मला वाटलं, ती आधी विचारेल की कुठला घेणार. तिने चष्मा काढला, ओढणीला पुसला आणि म्हणाली, "मग कोण जातंय? आई की बाबा?"

"कुठे जातंय?"

"घर सोडून. फोन असा उगाच मिळत नसतो गं. मला कधी मिळाला? माझे आईबाबा वेगळे झाले तेव्हा. मागच्या बाकावरच्या लंबूला कधी मिळाला? तेव्हाच. दोन घरं झाली की फोन लागतोच. बघ, तुला पण दोन कार्डांचा घेतील." तिने स्वतःचा फोन दप्तरातून अर्धा बाहेर काढून दाखवला. त्यात एक कार्ड आईच्या घरचं होतं, एक बाबाच्या. कुठलाही नंबर दाबला की तो आधी विचारायचा, कुठल्या कार्डावरून लावू?

मी तिला चार शब्द सुनावले आणि दिवसभर बोलले नाही. पण डोक्यात किडा सोडायचा तो तिने सोडला होता.

घरी आल्यावर मी बघायला लागले, आणि जे बघितलं ते मला मुळीच आवडलं नाही. आईबाबा एकमेकांशी चांगलं वागत होते. पूर्वी आमच्याकडे ओल्या टॉवेलवरून भांडण व्हायचं, पंख्याच्या वेगावरून व्हायचं, भांडणात कोण आधी ओरडलं यावरून दुसरं भांडण व्हायचं. आता आई म्हणायची, "आधी तू आंघोळ करून घे," आणि बाबा म्हणायचा, "नको, तुला उशीर होईल, तू जा." पंखा कोणीही कितीवरही ठेवावा. पाठ दुखते म्हणून बाबा बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत होता. पाठ दुखणारा माणूस गादी सोडून जमिनीवर झोपतो, हे मला आधी खरंही वाटलं होतं. आता प्रत्येक 'असू दे' आणि 'राहू दे' मी मोजायला लागले. दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलं होतं, आणि एरवी या दोघांचं कशावरही एकमत होत नाही.

रविवारी आम्ही दुकानात गेलो. दुकान एवढंसं, भिंतभर फोनची कव्हरं टांगलेली, आणि मध्ये दातकोरणं चावणारा दुकानदार. फोन कुठला यावर फारशी चर्चाच झाली नाही. मी मुद्दाम महागडा दाखवला, तर बाबा म्हणाला, "आवडला ना? घे." याच बाबाने माझ्या सायकलची घंटा घेताना तीन दुकानं पालथी घातली होती. संशय घट्ट झाला.

घोडं अडलं ते कार्डापाशी.

"निळी कंपनी घ्या," दुकानदार म्हणाला. "तुमच्या भागात निळीला तोड नाही. घरात, शाळेत, बाजारात, सगळीकडे फुल रेंज. पिवळी तुमच्याकडे लागते, पण बाल्कनीत, आणि तीही हात वर करून."

"निळीच द्या मग," आई म्हणाली.

बाबा काउंटरवर बोटाने रेघा ओढत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "आणि बर्फाच्या कारखान्यामागे? नव्या इमारती झाल्यात बघा. तिकडे?"

आई एक कव्हर उलटून बघत होती. तिचा हात तसाच थांबला.

बर्फाच्या कारखान्यामागे आमचं कोणी नाही. ना नातेवाईक, ना मैत्रीण, ना दवाखाना. तिकडे माझा फोन लागो न लागो, बाबाला काय करायचंय?

"तिकडे निळी शून्य," दुकानदार म्हणाला. "टेकडी आडवी येते. तिकडे फक्त पिवळी."

"मग पिवळी द्या."

"पिवळी कशाला?" आई फणकारली. "घरात लागायला नको? निळी द्या हो."

"घरात काय, बाल्कनीत जाता येतं. पिवळी."

"भर उन्हात बाल्कनीत उभी राहील ती?"

कित्येक दिवसांनी ते भांडत होते, आणि खरं सांगते, मला क्षणभर फार बरं वाटलं. पण डोकं चालूच होतं. म्हणजे बाबा तिकडे राहायला जाणार. मी त्याच्याकडे जाईन तेव्हा फोन चालावा म्हणून त्याला पिवळी हवी. आईला आपल्या घरात लागणारी हवी. ज्याला त्याला आपापल्या घराची पडलेली.

दुकानदाराने दातकोरणं या गालातून त्या गालात सरकवलं. "अहो, भांडता कशाला? दोन कार्डांचा फोन आहे हा. एक निळं टाका, एक पिवळं."

"हो, तेच करा," दोघं एकदम म्हणाले.

तेवढ्यावर मात्र एकमत!

"मला नकोय," मी म्हणाले. "मला दोन कार्डं नकोत, फोनही नको, काहीच नको." आणि मी दुकानाबाहेर आले. घरी जाताना बाबाने दोनदा माझ्या खांद्यावर हात ठेवायला पाहिलं, मी दोन्ही वेळा झटकला.

तो आठवडा मी बाबाशी धड बोलले नाही. सगळा राग त्याच्यावर. कारखान्यामागचं त्यानेच विचारलं होतं ना! शनिवारी त्याला सुट्टी होती, तरी तो हत्यारांची पिशवी आणि ग्रीसचा डबा घेऊन निघाला.

"कुठे चाललास?"

"एक लिफ्ट बघून येतो. लांब आहे जरा."

आई तर त्याच्याही आधी बाहेर पडली होती. ती कवळ्या बनवते, आणि कोणा म्हाताऱ्याची कवळी आजच्या आज हवी आहे असं सांगून गेली होती. मी सायकल काढली. त्याला रंगेहाथ पकडायचं आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं. टेकडीचा चढ चढताना दम लागला, पण रागाला दम लागत नाही.

बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीमागे चार इमारती होत्या, अजून रंगाचा वास येणाऱ्या. तिसरीच्या खाली बाबाची स्कूटर. आत लिफ्टचं दार उघडं ठेवून त्याला विटेचा टेकू दिला होता, आणि आतून बाबाचे दोन पाय बाहेर आले होते. तो उताणा पडून दाराची खालची पट्टी तपासत होता.

पकडलं, मी मनात म्हणाले. तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"झालं का तुझं? पडद्यांची मापं झाली. तिच्या खोलीच्या खिडकीला जरा जाड कापड घेते, सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येईल तिच्या."

मापाची टेप गळ्यात अडकवून आई खाली येत होती. मला पाहिलं आणि शेवटच्या पायरीवरच थांबली.

बाबा सरपटत बाहेर आला. त्याच्या कपाळाला ग्रीस लागलं होतं. आईचं म्हणणं पडलं होतं की मला परीक्षा झाल्यावर सांगायचं, बाबाचं की आधी सांगायचं, आणि दोघांनीही सांगितलं नव्हतं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं, "इथे कोण राहणार आहे?"

"मी," आई म्हणाली. "आणि तू. शनिवार-रविवार बाबाकडे."

"आणि बाबा?"

"मी तिथेच," बाबा म्हणाला. "आपल्याच घरी."

मी सगळं उलटं धरलं होतं. जाणारा बाबा नव्हताच. मला ओरडायचं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. "मग तुला इथली रेंज कशाला हवी होती? तू तर इथे असणारच नाहीस!"

"नसणार म्हणूनच ना, ठिणगे." तो हात पुसत होता, ग्रीस आणखीच पसरत होतं. "तू इथे असशील आणि मी तिकडे. मी फोन केला आणि इथे लागलाच नाही तर?"

मी आईकडे वळले. "आणि तुला निळी?"

"तू बाबाकडे गेलीस की..." आई म्हणाली. ती टेप गुंडाळत बसली, आणि ती टेप परत परत सुटत होती.

मी लिफ्टच्या उंबऱ्यावर बसून मनसोक्त रडले. मला दोघांचाही राग आला होता, आणि राग धरायला दोघांपैकी एकही पुरेसा वाईट नव्हता. मधेच मी बाबाला विचारलं, "तू इथे काय करतोयस पण? ही लिफ्ट नवी आहे ना?"

"नवी आहे म्हणूनच," तो म्हणाला. "कोणी बसवली कोण जाणे. तू रोज यातून वर जाणार. माझा नाही विश्वास." त्याने टेकूची वीट काढली, दार मिटताना मधे हात घातला, दार मुकाट मागे गेलं. मग परत घातला. परत गेलं. आई त्याला 'पुरे आता' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं आणि सावधपणे आईबाबांकडे पाहिलं.

"दोन कार्डांचा," मी म्हणाले.

त्याने फोन काढला, एका खाचेत निळं बसवलं, दुसरीत पिवळं, आणि पडद्यावर काहीतरी दाबत विचारलं, "मुख्य कुठलं ठेवू?"

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे हिने नंबर दाबला की फोन कुठल्यावरून जायचा? निळं की पिवळं? एक मुख्य ठेवावं लागतं."

बाबा कव्हरं बघायला लागला. आई पर्समध्ये काही नसलेलं शोधायला लागली.

"पिवळं ठेवा," बाबा कव्हरांना म्हणाला. "जास्त दिवस ती तिकडेच असणार."

"काही नको. निळं ठेवा," आई म्हणाली. "शाळेत निळंच लागतं."

"शाळेत फोन न्यायचाच नाहीये तिने."

"आणि बस चुकली, तर काय ओरडून सांगेल?"

"प्रत्येक गोष्टीत तुझं आपलं वेगळंच!"

"माझं? माझं वेगळं? पंख्याचं बटण कोण—"

दोघांचे आवाज चढले. दारात खोळंबलेली एक गिऱ्हाईक बाई वळून बघायला लागली. दुकानदार माझ्याकडे काकुळतीने बघत होता, की बाई गं, तू तरी बोल. मला उत्तर माहीत होतं. चष्मिसच्या फोनमध्ये पाहिलं होतं. पण मी लगेच बोलले नाही. त्या आठवड्यात पडदे लागणार होते, आणि त्यानंतर या दोघांना एका छताखाली उभं राहून भांडायला काही कारणच उरणार नव्हतं. कोणीही 'असू दे' म्हणत नव्हतं, कोणीही 'राहू दे' म्हणत नव्हतं. मी काउंटरला टेकून ऐकत राहिले.

शेवटी ती बाई म्हणाली, "अहो, आटपा की लवकर," आणि दोघंही ओशाळून गप्प झाले.

"दर वेळी विचारू दे त्याला," मी म्हणाले.

"कोणाला?" बाबाने विचारलं.

"फोनला. कुठल्यावरून लावू, ते दर वेळी विचारू दे."

दुकानदाराने दातकोरणं तोंडातून काढलं. "तसं होतं. पण कटकट होईल गं. प्रत्येक वेळी विचारत बसेल."

"बसू दे," मी म्हणाले.