बुजवलेली भेग

दगड बोलतो, असं मिस्त्री म्हणायचे तेव्हा लोक त्यांच्याकडे जरा जपूनच बघायचे. चमत्कार त्यात काही नव्हता. टिचकी मारली की अखंड दगड खणखणीत वाजतो आणि भेगाळलेला, घसा बसल्यासारखा. चाळीस वर्षांत ही सवय त्यांच्या बोटांत मुरली होती. दारं, टेबलं, पाहुण्यांच्या घरच्या भिंती, कशालाही टिचकी. एकदा व्याह्यांच्या टकलाकडे हात गेला होता. बायकोनं वेळीच धरला.

इस्पितळात किरणांच्या मशीनची खोली बांधायची निघाली तेव्हा शिसं परवडेना. गॅमा किरण अडवायला काहीतरी जाड आणि जड लागतं, मग दगड काय वाईट, असं एका प्राध्यापकानं सुचवलं. मिस्त्रींच्या खाणीतला काळा दगड त्यानं किरणांपुढे ठेवून मोजला आणि दोन हात जाडीची भिंत पुरेल असं लिहून दिलं. मिस्त्रींनी ती बांधली. शेवटी एक लांब चिरा कमी पडला, भिंतीच्या आतल्या बाजूपासून बाहेरच्या बाजूपर्यंत पोचणारा. उरलेल्या एकुलत्या एका चिऱ्यात आरपार भेग होती. मिस्त्रींनी त्यांच्या वडिलांनी केलं असतं तेच केलं. डिंकात मळलेल्या दगडाच्या भुकटीनं भेग बुजवली आणि वरून घासून काढली. भिंतीतून चोर येऊ नये, ओल येऊ नये, एवढंच त्यांना ठाऊक. किरणांशी त्यांची ओळख नव्हती.

तपासणीवाले मीटर घेऊन आले त्या दिवशी नेमकं त्या चिऱ्यापुढे फायलींचं कपाट होतं. कपाट हलवणं त्यांच्या यादीत नव्हतं. भिंत पास झाली.

सहा वर्षांनी मिस्त्रींच्या बायकोच्या गळ्यात गाठ निघाली. पंचवीस दिवस किरणं घ्यायची. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "मध्ये खंड पडता कामा नये." रोज बायको आत झोपायची आणि मिस्त्री बाहेर बाकावर बसायचे. समोर मशीन चालवणारी मुलगी भिंतीला पाठ टेकून बटणं दाबायची. कपाट केव्हाच भंगारात गेलं होतं.

अकराव्या दिवशी मुलगी बायकोला आत झोपवायला गेली, तेवढ्यात मिस्त्रींनी सवयीनं तिच्या खुर्चीमागच्या चिऱ्याला टिचकी मारली.

घसा बसलेला आवाज आला.

"किती वर्षं झाली इथं?" मुलगी परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"चार."

"याच खुर्चीत?"

"याच. काका, इथं माणसं बदलतात, खुर्ची नाही बदलत."

"आणि ते किरणं मोजायचा बिल्ला असतो ना तुमचा?"

"असतो की. खणात ठेवलाय जपून. हरवला तर चौकशी लागते."

बाराव्या दिवशी मिस्त्रींनी तिची खुर्ची वीतभर सरकवली. तिनं ती परत जागेवर आणली. तेराव्या दिवशी हातभर सरकवली.

"तुम्हीच सरकवता ना?"

"तिथं वारा लागतो."

"भिंतीतून?" मुलगी खो खो हसली. मिस्त्री हसले नाहीत. सांगितलं तर खोलीला कुलूप लागणार. उरले होते बारा दिवस.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगून टाकलं.

"तो मसाला मीच मळला होता," ती म्हणाली. "चांगला घट्ट झाला होता."

"झाला होता."

"पोर चार वर्षं पाठ टेकून बसलीय त्याला?"

"अगं, बारा दिवसांचाच प्रश्न आहे."

"अहो, ते बारा दिवस तिच्याही पाठीचे आहेत. उद्या तुम्ही सांगताय, का मी सांगू?"

सांगितलं मिस्त्रींनीच. मशीन चालू ठेवून डॉक्टरबाईंनी चिऱ्यापुढे मीटर धरला आणि तो तडतडला. मुलीनं हळूच स्वतःच्या पाठीवर हात फिरवला, जणू काही लागलंय का ते बघावं. मग खण उघडून बिल्ला काढला आणि छातीवर लावला. खोलीला कुलूप लागलं.

मिस्त्री त्याच दिवशी हत्यारं घेऊन आले. पण चिरा काढायला इस्पितळाच्या समितीची परवानगी हवी होती. समितीचे एक सदस्य परगावी होते आणि दुसऱ्यांना भेग प्रत्यक्ष बघायची होती. बघितल्यावर ते म्हणाले, दिसत तर नाही. यात पाच आठवडे गेले. दुसरीकडच्या मशीनवर तीन महिन्यांची रांग होती. काम मात्र दोन दिवसांत झालं. नवा चिरा मिस्त्रींनी खाणीत स्वतः निवडला, सात ठिकाणी वाजवून. मीटर गप्प राहिला.

डॉक्टरबाईंनी बायकोला पुन्हा तपासलं, फोटो उजेडापुढे बराच वेळ धरला आणि मिस्त्रींना बाहेर घेऊन गेल्या. मशीनच्या यादीत आता तिच्या जागी पुढच्या रुग्णाचं नाव लागलं होतं.

बायको घरी पडून होती.

"वाजला का?" तिनं विचारलं.

"खणखणीत."

"पोरीची खुर्ची?"

"तिथंच ठेवलीय तिनं. ऐकत नाही."

"असू दे आता."

एवढं बोलायलाही तिला थांबावं लागलं. आवाज घसा बसल्यासारखा येत होता, कालच्यापेक्षा खाली. मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तिच्या उशाशी बसून राहिले.