मेट्रनबाईंचा हात

सकाळी सहा वाजता त्या घरात थर्मामीटरवरून भांडण जुंपलं.

थर्मामीटर होतं सुनेच्या काखेत. मुलाने ते काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि बोंबच मारली, "एकशे तीन! आई, बघ तरी, एकशे तीन!"

आई आरशापुढे उभी राहून केसांत पिना खोचत होती. दोन पिना अजून दातांत होत्या. तशीच बोलली, "घरचं थर्मामीटर घरी. हॉस्पिटलात मी हात लावीन तो खरा."

कारण आई हॉस्पिटलची मेट्रन होती. सगळ्या नर्सांच्या वरची बाई. एकतीस वर्षं नोकरी, आजारपणाची रजा शून्य. मुलगा झाला तोसुद्धा ड्युटी संपवून, तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आपल्या पायांनी चालत जाऊन. ही गोष्ट ती दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगायचीच. सून त्याच हॉस्पिटलात नर्स होती, त्यामुळे तिला ती तोंडपाठ होती.

सून पलंगाच्या कडेला बसलेली. अंगात दोन स्वेटर, तरी दात कडाकडा वाजतायत.

मुलगा बसचा ड्रायव्हर. तो म्हणाला, "आमच्या डेपोत नुसता शिंकलो तरी साहेब म्हणतो, घरी जा बाबा, तुझ्या मागे चाळीस माणसं बसतात. हिच्या वॉर्डात पण चाळीसच आहेत ना?"

"बसला ब्रेक असतो," आई म्हणाली. "वॉर्डाला नसतो. आणि उद्या ट्रस्टी यायचेत. स्वतःच्या सुनेला सोडलं तर बाकीच्या पोरी माझ्या तोंडावर थुंकतील."

सून उठली. मोजे उलटे घातले गेले, ते तिला कळलं नाही.

हॉस्पिटलच्या मॅनेजरला सगळे 'शंभरटक्के' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर साहेब. हा माणूस 'हो' म्हणतच नसे, 'शंभर टक्के' म्हणे. हजेरी पण त्याला शंभर टक्केच हवी. त्यासाठी त्याने एक पितळी ढाल करून घेतली होती. चांगली ताटाएवढी, चार किलोची. मधोमध पुरणपोळी भाजावी एवढं नाही, पण वाटीएवढं एक फुगीर शून्य, आणि खाली कोरलेलं: रजा. ज्या वॉर्डात वर्षभर कुणी आजारी पडत नाही त्या वॉर्डाला ही ढाल. पुरुषांच्या वॉर्डात ती सलग चार वर्षं खिळ्याला लटकत होती. म्हणजे तिथल्या नर्सांना चार वर्षांत साधी सर्दी झाली नव्हती म्हणे. अशा बायका जगात दुसरीकडे असतील तर दाखवा.

आता हे जमायचं कसं, ते सांगतो. नियम असा, की थर्मामीटर पेशंटसाठी. स्टाफचा ताप मेट्रनने हात लावून ठरवायचा. सकाळी आजारी नर्सांची रांग मेट्रनच्या खोलीत लागायची. मेट्रनच्या उजव्या हातात उकळत्या चहाचा काचेचा ग्लास. तळवा त्याच्याभोवती गच्च. चांगला भाजून निघाला की ग्लास डाव्या हातात, आणि तो लालभडक तळवा पोरीच्या कपाळावर. अशा हाताला पेटलेली चूलसुद्धा गार लागेल.

पहिल्यांदा हे चुकून झालं होतं. दुसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं. तिसऱ्यांदापासून रांग लागली की ती चहा मागवू लागली.

नर्सांना सगळं माहीत होतं. पण मेट्रनला बोलणार कोण? एकच बोलायची. काटकुळी, जिभेने टोचणारी, म्हणून तिचं नाव पडलेलं टाचणी. त्या दिवशी रांगेत ती सुनेच्या पुढे होती.

"मेट्रनबाई, चहा आधी पिऊन घ्या ना," टाचणी म्हणाली. "गार होईल. मग आम्ही गरम निघू."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाजूला उभ्या शंभरटक्केंनी घड्याळ बघितलं. "लवकर आवरा, बाई. उद्या पाचवं वर्ष पूर्ण."

टाचणी गार निघाली. मग सून पुढे आली. ड्युटीवर 'आई' म्हणायचं नाही, असा नियम. तिने कपाळ पुढे केलं. नुसती बघत राहिली, डोळे लाल गुंज.

मेट्रनने ग्लास टेबलावर ठेवला. क्षणभर तसाच राहू दिला. मग पुन्हा उचलला, आणखी घट्ट धरला, आणि हात लावला.

"गार आहे. जा वॉर्डात."

दहा वाजून गेले होते. सात नंबरच्या पलंगावर हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. त्यांच्या उशाशी तीन मुलगे. तिघं मिळून व्यायामशाळा चालवायचे, आणि ते सांगायची गरज पडू नये असे त्यांचे दंड. सून सलाइनची बाटली बदलायला आली. येताना दोनदा भिंतीला धरलं. तिसऱ्यांदा भिंत होती तिथे नव्हती, ती ट्रॉलीवर आपटली.

"बाबा, म... मूठ मिटा," ती म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटलेली, शब्द लडबडले.

थोरल्याने तिच्या डोळ्यांत बघितलं. "काय गं ए, पिऊन आलीस काय?"

ती उत्तर द्यायला वळली, आणि वळता वळताच कोसळली. सलाइनच्या स्टँडसकट, सरळ आजोबांच्या पोटावर. ताज्या टाक्यांवर. आजोबांनी किंकाळी फोडली. त्यांच्या हातातली सुई उपसून निघाली आणि रक्ताची पिचकारी पांढऱ्या चादरीवर उडाली.

"बापाला मारलं! प्यायलीय रांड!"

मधल्याने तिचा अंबाडा मुठीत धरला आणि तोंड पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा दात पडला आणि टिकटिक करत पलंगाखाली गेला. धाकट्याने बरगडीत लाथ घातली. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. समोरच्या पलंगावरचा एक पेशंट ओकला. बाकीच्यांनी पांघरुणं डोक्यावर ओढली, आणि दोघांनी, लाज नाही, मोबाइल बाहेर काढले.

टाचणी धावली. तिलाही ताप होताच. ट्रेमधली सगळ्यात जाड सुई तिने उचलली आणि धाकट्याच्या ढुंगणात मुळापर्यंत खुपसली. एवढा दांडगा गडी, पण असा ओरडला की तळमजल्यावर ऐकू गेलं. त्याने कोपराने तिचं नाक फोडलं. ती बसली खाली, पण त्याचा पाय धरून बसली आणि पोटरीला दात लावले, ते सोडायला तयार नाही.

थोरला इकडेतिकडे बघत होता. हाताला काहीतरी हवं होतं. भिंतीवर ढाल दिसली. खिळ्यासकट उपटली, दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि खाली आणली.

तो आवाज त्या वॉर्डातली माणसं अजून विसरली नाहीत. सुनेच्या डाव्या भुवईवर ते फुगीर शून्य बसलं. नंतर सूज उतरली तेव्हा त्याचा गोल काठ कातडीवर स्पष्ट वाचता येत होता.

ढाल दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा मेट्रन दारात पोचली होती. आरडाओरडा ऐकून होती तशी पळत आलेली. हातात तोच, पुन्हा भरलेला चहाचा ग्लास. तिने विचार केला नाही. उकळता चहा थोरल्याच्या डोळ्यांत फेकला. तो बैलासारखा हंबरला, आंधळ्यासारखी ढाल फिरवली, आणि ती मेट्रनच्या उजव्या हातावर आली. हातात रिकामा ग्लास. काच तळव्यात फुटली, आरपार. पोळलेला, चिरलेला तो हात तिने तसाच सुनेच्या डोक्यावर आडवा धरला. "आता मार!" ती ओरडली. "आधी मला मार!"

आणि मग पलंगावरून आजोबा ओरडले.

"गाढवांनो! थांबा रे! ती प्यालेली नाही! माझ्या अंगावर पडली ना, चटका बसला मला! तापाने फणफणलीय पोरगी. तवा आहे, तवा!"

थोरल्याच्या हातातली ढाल फरशीवर पडली आणि गरगरत राहिली. सगळा वॉर्ड ती थांबायची वाट बघत राहिला.

सुनेला ऑपरेशनला घेतलं. जीव वाचला. डावा डोळा गेला. पोलीस तिघांना घेऊन गेले, तेव्हा धाकटा लंगडत होता आणि थोरला भाजलेलं तोंड धरून रडत होता. "मला काय माहीत," एवढंच म्हणत होता.

मुलगा डेपोतून युनिफॉर्मवरच आला. टाचणीने दारातच त्याला चहाचं सांगितलं. बाकावर आई बसलेली, उजव्या हाताला बॅन्डेजचा गोळा.

"तू सकाळी हात लावून बघितलास?"

"हो."

"कुठल्या हाताने?"

तिने बॅन्डेज वर केलं. त्याने ते बघितलं, आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्यानंतर दोन दिवस तो आईशी बोलला नाही.

पोलीस जबाब घ्यायला आले, तेव्हा मेट्रनने सगळं सांगितलं. चहा, ग्लास, तळवा, रांग. हवालदाराने पेन थांबवलं. "बाई, हे पण लिहू? हे तुमच्यावर येईल."

"माझंच आहे, मग कुणावर येणार? लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत सहाजणी होत्या. तापच तो, एका नर्सला आला की बाकीच्यांना सोडतो होय? टाचणीच्या नाकावर पट्टी. शंभरटक्के जिने चढून आले ते घामाघूम, बगलेत ढाल. तिचा पोचा ठोकून काढलेला.

"झालं ते वाईट झालं, बाई. शंभर टक्के. पण अकराला ट्रस्टी येतायत. अपघाताला आपण रजा धरणार नाही. तुम्ही यांना बघून घ्या आणि पाठवा खाली."

"साहेब, केवढा घाम आलाय," मेट्रन म्हणाली. आवाजात नुसती माया. "हे धरा जरा." आणि टेबलावरची बर्फाची पिशवी तिने त्यांच्या हातात दिली. साहेबांना बरं वाटलं. पिशवी या हातातून त्या हातात घेत ते बोलत राहिले, हजेरीवर, शिस्तीवर, हॉस्पिटलच्या नावावर. मेट्रनने चांगलं ऐकून घेतलं. पाच मिनिटं. टाचणीला एव्हाना कळलं होतं. ती छताकडे बघत ओठ चावत होती.

"माझा हात तर कामातून गेला," मेट्रन शेवटी म्हणाली. "आज तुम्ही लावा, साहेब. नियम आहे, कुणीतरी लावायलाच हवा."

साहेबांनी मोठ्या रुबाबात टाचणीच्या कपाळाला हात लावला, आणि इस्तरी लागल्यासारखा मागे ओढला.

"अरे बापरे! भट्टी आहे ही!"

खोलीत सहा नर्सा, दोन आया आणि जबाबाची प्रत घेऊन आलेला हवालदार. सगळ्यांनी ऐकलं.

"लिहून घेते," मेट्रन म्हणाली आणि डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: भट्टी. "पुढची."

"बाई, हा चावटपणा..."

"चावटपणाच. पाच वर्षं मी उलटा केला, आज सुलटा. पण तुम्हाला खोटं वाटत असेल तर हे घ्या." तिने खिशातून थर्मामीटर काढलं. पेशंटचं. एकेकीला लावलं. एकशे दोन. एकशे एक. एकशे तीन. सहाव्या पोरीचा आकडा साधा निघाला.

"तुला ताप नाही. तू थांब. बाकीच्या घरी."

शंभरटक्के पांढरेफटक. "आणि वॉर्ड? पेशंट मेले म्हणजे?"

"बदली नर्सांची यादी दोन वर्षं तुमच्या ड्रॉवरमध्ये पडलीय. फोन करा."

"मी तुम्हाला निलंबित करीन."

"करा ना. पण आधी फोन करा."

हवालदार कानकोरणं असल्यासारखी आपली किल्ली कानात फिरवत सगळं ऐकत होता. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि फोन उचलला. अकराच्या आत चार नर्सा हजर झाल्या. म्हणजे येत होत्या. दोन वर्षं नुसता एक फोन करायचा होता. तेवढ्यासाठी एक डोळा गेला.

ट्रस्टी आले तेव्हा वॉर्डातल्या भिंतीवर ढाल नव्हती. भिंतीत खिळा पुन्हा ठोकलेला, त्याला दोरीने थर्मामीटर बांधलेलं, आणि खाली पाटी: स्टाफसाठी. ट्रस्टींनी विचारलं, हे काय? सात नंबरच्या पलंगावरून आजोबाच बोलले. सगळं सांगितलं, स्वतःच्या मुलांसकट. पाटी कुणी काढली नाही. मेट्रनला मात्र चौकशीचं पत्र मिळालं. ते तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बरोबर आहे."

तिसऱ्या दिवशी सून नीट शुद्धीवर आली. अर्धं तोंड बॅन्डेजमध्ये. मेट्रन पलंगाशी उभी, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये. बोलायचं होतं, पण एकतीस वर्षांत कुणाची माफी मागायची सवय नव्हती. तिने डाव्या हाताने चादर सारखी केली. आणि ती थरथरत होती.

"आई, खाली वाका जरा," सून म्हणाली.

ड्युटीवर 'आई' म्हणायचं नसतं. मेट्रन वाकली. सुनेने सुई लावलेला हात हळूहळू उचलला आणि सासूच्या कपाळावर ठेवला.

"ताप आहे तुम्हाला. घरी जा."

"अगं, वॉर्ड..."

"वॉर्डाला ब्रेक असतो, आई. लावा."

मेट्रनने डाव्या हाताने डोक्यातली एक पिन काढली. मग दुसरी. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, ड्युटीचे चार तास बाकी असताना, ती जिन्याकडे निघाली. दाराशी मुलगा उभा होता. दोन दिवस न बोललेला. तिच्या हातातली पिशवी त्याने घेतली.

"चल," तो म्हणाला. "सावकाश."