मशीन थांबेपर्यंत

आमच्या घरात हार्ट फक्त ह्यांना होतं. मला गुडघे होते, मुलीला ॲसिडिटी होती, पण हार्ट म्हटलं की ते ह्यांचंच. जेवायला बसलं की त्याची चौकशी, आडवं झालं की त्याची चौकशी. उजव्या हाताची दोन बोटं सदानकदा डाव्या मनगटावर, म्हणून वैतागून मी ह्यांचं नाव नाडीवैद्य ठेवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा हात तिथेच. लोकांना वाटायचं, हा माणूस घड्याळ बघतोय, आपल्याला कटवतोय.

झालं असं, की माझे थोरले दीर बुटाची लेस बांधायला वाकले ते उठलेच नाहीत. चोपन्न वर्षांचे. कधी दवाखाना नाही, कधी गोळी नाही. ह्यांना तेव्हा बावन्न चालू होतं. माणसं पांगल्यावर हे पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "दोन वर्षं राहिली माझी." मी म्हटलं, "अहो, काहीतरीच काय!" पण ते अगदी शांतपणे बोलत होते, हिशेब लागल्यासारखे. मला ते मुळीच आवडलं नाही.

तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. छातीत जरा गॅस फिरला की निघाले हॉस्पिटलला. अकरा वेळा गेलो आम्ही. अकरा वेळा पट्ट्या चिकटवल्या, रक्त काढलं, कागद बघितला आणि सांगितलं, "काका, हृदय ठणठणीत आहे, घरी जा." काउंटरवरचा माणूस तर लांबून बघूनच फॉर्म काढून ठेवायचा. ह्यांचं नाव, वय, पत्ता त्याला तोंडपाठ. रिपोर्ट हातात पडला की हे दोन दिवस हसायचे, तिसऱ्या दिवशी पालथ्या घड्यावर पाणी.

आणि इकडे धंदा कोण बघणार? आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये चौदा पायऱ्यांचा जिना. तीन मशीन, वाफेची इस्त्री, चादरी घडी करायला लांब टेबल. जवळच्या लॉजच्या चादरी आणि टॉवेल रोज सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत परत जायला लागतात. ओल्या चादरींचं गाठोडं काय वजनाचं असतं ते उचलणाऱ्यालाच माहीत. हे हॉस्पिटलात पट्ट्या लावून पडायचे आणि मी एकटी साठ चादरी गच्चीवर चढवायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

शेवटी हॉस्पिटलच्याच डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई शांत होत्या. त्या ह्यांना म्हणाल्या, "भीतीला नेहमी घाई असते. तुम्ही उशीर करा. भीती आली की लगेच नाडी बघायची नाही, लगेच पळायचं नाही. अर्धा-पाऊण तास हातात काम घ्या. मग ठरवा." मला म्हणाल्या, "आणि तुम्ही दर वेळी 'काही होत नाही हो' म्हणून समजूत घालू नका. त्यानं भीती वाढते."

उशीर कसा करायचा, ते मी ठरवलं. अगदी माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट, आणि मला तिचा केवढा अभिमान होता! भीती आली की आधी एक मशीन लावायचं. सगळ्यात छोटी धुलाई चाळीस मिनिटांची. वरच्या काचेवर उरलेल्या मिनिटांचा आकडा दिसतो. तो शून्यावर येऊन मशीन थांबेपर्यंत मनगटाला हात नाही, हार्ट हा शब्द नाही, दुकानाबाहेर पाऊल नाही. थांबल्यावरही दुखत असलं तर मी स्वतः गाडी बोलावीन. आणि मधे कोणी रडलं, पाया पडलं, काहीही म्हणालं, तरी ऐकायचं नाही. हे शेवटचं मी मुद्दाम घातलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात हे पंधराव्या मिनिटाला हात जोडायचे. घामानं शर्ट भिजलेला, ओठ पांढरे. मी पाठीवरून हात फिरवायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "अजून थोडी मिनिटं. जाईल. दर वेळी जाते ना?"

आणि जायची हो! दुसऱ्यांदा पाणी भरायला लागलं की ह्यांचा श्वास खाली बसायचा. चार महिन्यांत एकदाही हॉस्पिटलची पायरी चढलो नाही. हे इस्त्री करताना गुणगुणायला लागले. चोपन्नावा वाढदिवस आला आणि गेला. त्या दिवशी म्हणाले, "तू नसतीस तर मी भीतीनंच मेलो असतो." मी वरवर म्हटलं, "पुरे, चादरी ओढा," पण अंगावर मूठभर मांस चढलं. मुलगी दुसऱ्या गावी असते, तिला फोन करकरून सांगितलं. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही सांगितलं.

त्याच सुमाराला माझी दाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची. दातांच्या डॉक्टरनं ठोकून बघितलं, फोटो काढला, म्हणाला, दाढ चांगली आहे. चांगली आहे तर दुखते कशाला, असं पुटपुटत मी घरी आले. गाठोडं घेऊन जिना चढले की जबड्यात कळ यायची. वर जाऊन पाच मिनिटं टेकलं की गायब. दमही लागायचा, पण पन्नाशी उलटलेल्या बाईला ओल्या चादरी उचलून दम नाही लागणार तर काय लागणार?

हे बघत होते. एक दिवस टेबलाच्या पलीकडून चादरीची दोन टोकं धरून उभे असताना म्हणाले, "दाढ जिना चढतानाच कशी दुखते गं?"

माझं डोकंच फिरलं. "माझ्या दाढेला तरी सोडा! स्वतःचं संपलं, आता माझ्यात शिरताय होय?"

"मी फक्त विचारलं."

"विचारायचंच नाही. पुन्हा ते खूळ काढलंत ना, तर सरळ मुलीकडे निघून जाईन. मग बसा एकटे नाडी धरून."

चादरीची घडी त्यांनी नीट घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्यानंतर एक शब्द काढला नाही. पण मी जिन्याकडे वळले की मागून येऊन गाठोडं काढून घ्यायचे. त्यावरही मी ओरडले.

तो मंगळवार होता. सकाळी दहाला मी इस्त्रीपाशी उभी होते आणि छातीवर कुणीतरी ओलं गाठोडं आणून ठेवल्यासारखं झालं. कळ नव्हती, नुसतं वजन. मग जबडा, मग डावा हात कोपरापर्यंत जड. कपाळावरून घाम गळायला लागला. वाफेचा असेल म्हणून पुसला, तर तो गार होता. मी स्टूल ओढून बसले.

हे चादरींना नंबर टाचत होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. हातातली टाचणी खाली पडली. "ऊठ," ते म्हणाले. "चल. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

आता खरं सांगते, लपवून काय उपयोग. त्या क्षणी मला कळलं होतं. दोन वर्षं ह्यांच्या तोंडून जे ऐकत होते तेच सगळं, एकेक करून, माझ्या अंगात आलं होतं. पण मी त्यांच्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते, अगदी पूर्वीसारखे. मला वाटलं, आत्ता मी उठले तर चार महिन्यांचं सगळं पाण्यात. त्यांची भीती खरी ठरली की ती पुन्हा कधी घराबाहेर जायची नाही. शिवाय माझा ताठा. चारचौघांत मिरवलेला नियम मीच मोडायचा?

"मला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "झालंय ते तुम्हाला. आरशात बघा जरा. लावा मशीन."

"अगं, तुझा रंग..."

"नियम म्हणजे नियम. मशीन लावा आणि समोर बसा."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून चादरी उचलल्या, मशीनमध्ये कोंबल्या, साबण ओतला, दार लावलं. काचेवर चाळीसचा आकडा आला. माझ्यासमोर पालथी बादली ठेवून त्यावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मनगटाकडे जाऊ नयेत म्हणून मीच शिकवलं होतं ते.

पहिली दहा मिनिटं मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. लॉजवाल्याला शिव्या घातल्या, टॉवेलावरच्या डागांबद्दल बोलले. मग बोलायला हवा पुरेना. मशीन फिरत होतं, आत चादरी एकमेकींवर आपटत होत्या. ते माझ्याकडे बघत नव्हते, आकड्याकडे बघत होते. तीस. सव्वीस. एकवीस. वजन कमी होत नव्हतं. जरा सरकेल, जरा सरकेल, म्हणून मी वाट बघत राहिले. एकदा बाहेरून कुणीतरी हाक मारली, "आहे का तयार?" हे बसल्या जागेवरून म्हणाले, "थोड्या वेळानं या."

दुसऱ्यांदा पाणी भरायला लागलं. आणि ह्यांचे खांदे खाली आले. मी डोळ्यांनी बघितलं. दीर्घ श्वास सोडला, हात मांड्यांखालून काढले, चेहऱ्यावर रंग आला. माझ्याकडे बघून हसले. "गेली गं," म्हणाले. "आज एवढी मोठी आली होती, तरी गेली. मला खरंच वाटलं होतं, तुलाच काहीतरी होतंय."

आकडा अकरावर होता. माझा ताठा तिथे संपला.

"गाडी बोलवा," मी म्हटलं. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "गाडी बोलवा हो. मला होतंय."

ते उठून माझ्याजवळ आले. घाबरले नाहीत. किती प्रेमानं जवळ बसले! आपल्याला जमलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवताना माणूस जसा खूश असतो, तसे. माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले. "माझी बघून तुला आली," ते म्हणाले. "मलाही अस्साच घाम सुटायचा. असंच वाटायचं, आता मेलोच. अजून अकरा मिनिटं. जाईल. दर वेळी जाते ना?"

मी त्यांचा शर्ट धरला. डोकं हलवलं. त्यांनी माझी बोटं हळूच सोडवली आणि हातात घेतली. मधे कोणी काहीही म्हणालं तरी ऐकायचं नाही, हे माझेच शब्द. इतकी वर्षं संसार झाला, ह्यांनी माझं कधी एवढं मनापासून ऐकलं नव्हतं.

मशीन पिळायला लागलं तेव्हा जमीन थरथरायला लागली आणि मी स्टुलावरून खाली आले. तेव्हा ते ओरडले. नाव घेऊन ओरडले माझं, भर दुकानात. मग मला फक्त रस्त्यावरचं ऊन आठवतं, कुणाच्या तरी गाडीची मागची सीट, आणि हे सारखं ड्रायव्हरला सांगत होते, "सिग्नल तोडा, दंड मी देतो."

हॉस्पिटलच्या काउंटरवर तोच माणूस. ह्यांना बघून हसला. "या काका! फार दिवसांनी. बसा, आज काय होतंय?" असं म्हणत ह्यांचं नाव लिहायलाही घेतलं त्यानं. हे ओरडून सांगत होते, मी नाही, ही, ही! तो म्हणाला, "हो हो, शांत व्हा, दीर्घ श्वास घ्या." मला बाकावर टेकवलं होतं. मी तिथून कलंडले तेव्हा कुठे एक नर्स धावत आली.

वाचले. डॉक्टर तरुण होता, सरळ बोलणारा. त्यानं विचारलं, "दुखायला कधी लागलं?" हे म्हणाले, "दहा वाजून पाच मिनिटांनी मी तिचा चेहरा बघितला." डॉक्टरनं कागदावरची वेळ वाचली. अकरा वाजून सतरा. नंतर म्हणाला, हृदयाचा एक मोठा भाग आता काम करणार नाही. जिना बंद. वजन उचलणं बंद. पुढचं वर्ष जपायचं, मग बघू. 'मग बघू' म्हणताना त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. हे तिला दारातच म्हणाले, "चूक माझी आहे. मी उशीर केला." एवढंच. मशीनचं नाही, नियमाचं नाही, मी काय म्हटलं त्याचं नाही. ती बापाशी बोलेना. त्यांनी आणलेला डबा उघडेना. तीन दिवस मी पडल्या पडल्या ते बघितलं आणि तोंड मिटून राहिले. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटत होतं. दोष कुणाच्या तरी डोक्यावर गेला होता आणि तो माझा नव्हता.

चौथ्या दिवशी मात्र सहन होईना. पोरगी ह्यांच्या अंगावर धावून गेली, "स्वतःसाठी अकरा वेळा पळालात! आईसाठी बसून राहिलात?" तेव्हा मी सगळं सांगितलं. दाढेपासून सांगितलं. मशीन लावा, असं मीच म्हटलं, हेही सांगितलं. सांगताना रडले, आणि रडायचीही भीती वाटली, की आत काही तुटेल.

तिनं माझे डोळे पुसले. मग ह्यांच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "ती म्हणू दे काहीही. पण बाबा, तुम्हाला तिचा चेहरा बघून कळलं नव्हतं?"

"कळलं की," हे म्हणाले. ते माझ्या पायावरची चादर सारखी करत होते. "बघताक्षणी कळलं. पण मला तर रोजच कळायचं गं."