चढावरची ठिणगी

आई तिसऱ्यांदा नापास झाली, तीही चढावरच. मैदानात आठचा आकडा तिने सुरेख काढला, गाडी मागे घेऊन दोन खांबांमध्ये अचूक लावली, आणि शेवटच्या चढाच्या मध्यावर गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. किल्ली कितीही फिरवली तरी उठेना. परीक्षकांनी नुसतं पेन उचललं.

घरी बाबांनी निकाल विचारलासुद्धा नाही. "क्लच," एवढंच म्हणाले.

"क्लच मी नीट सोडला होता."

"अगं, तीस वर्षं चालवतोय मी ही गाडी. माझ्या हातात एकदा तरी बंद पडली? नाचता येईना, अंगण वाकडं!"

आई हसली, पण जेवताना अर्धी पोळी ताटातच राहिली. ती नर्स आहे. ऑपरेशन झालेल्या रुग्णांना घरी जाऊन पाहण्याची जागा तिला मिळणार होती. अट एकच, महिनाअखेरपर्यंत गाडीचं लायसन्स. आणि महिन्यात परीक्षेचा आता एकच दिवस उरला होता.

मला त्या तीन वेळांनी झोप लागू दिली नाही. एकदा होतं तो अपघात, पण तीनदा एकाच जागी? दुसऱ्या वेळेनंतर गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडी तपासली होती. "घोडा आहे घोडा," म्हणून परत पाठवली होती.

रविवारी मी आईला पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर नेलं. तो परीक्षेच्या चढापेक्षा उभा आहे. अकरा वेळा ती मध्यावर थांबली, अकरा वेळा निघाली. गाडी एकदाही बंद पडली नाही. म्हणजे दोष आईच्या पायात नव्हता. मग मैदानावर वेगळं काय होत होतं?

"तिथे पोचल्यावर काय करतेस?" मी घरी येऊन विचारलं.

"काय करणार? रांगेत थांबते. पाऊण तास, कधी जास्तच. मागच्या मुली घाबरलेल्या असतात, त्यांना म्हणते, तुम्ही व्हा पुढे."

"इंजिन चालू?"

"छे! पेट्रोल काय फुकट येतं? इंजिन बंद. फक्त किल्ली फिरवून ठेवते. तुझे बाबाच म्हणाले होते, किल्ली चालू ठेवून तयारीत बस, म्हणजे नंबर आला की लगेच निघता येतं."

बाबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

मी मिस्त्रींना बोलावलं, आणि आम्ही अंगणातच रांगेचं नाटक केलं. इंजिन बंद, किल्ली चालू, चाळीस मिनिटं. काही झालं नाही. माझा संशय होता तो ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर, पण ती गार ती गारच.

"झालं संशोधन?" बाबा खूश होऊन म्हणाले.

मिस्त्रींनी एक झाकण काढून आत पाहिलं. "पॉइंट उघडा राहिलाय हो," ते म्हणाले आणि तो मिटेपर्यंत इंजिन हाताने जरासं फिरवलं. पॉइंट म्हणजे इंजिनाबरोबर उघडझाप करणारा छोटा स्विच. इंजिन थांबताना तो मिटलेला राहिला, तर किल्ली चालू असेपर्यंत कॉइलमधून वीज वाहतच राहते. मी हिशोब केला. बारा व्होल्ट, तीन ओहम, चार अँपिअर. जवळजवळ पन्नास वॅट उष्णता, एका बंद डबीत.

पुन्हा चाळीस मिनिटं. या वेळी कॉइलवर बोट टेकवेना.

मिस्त्रींनी कॉइलची जाड वायर काढून रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं, आणि मी स्टार्टर फिरवला. सकाळी गार असताना याच टोकातून निळी, कडकडणारी ठिणगी उडाली होती. आता निघाली ती बारीक आणि नारिंगी, जणू तापातून उठलेली.

"एवढीवर सपाट रस्त्याला गाडी चालेल," मी म्हणाले. "चढावर इंजिनातला दाब वाढतो. तिथे ठिणगीला जास्त जोर लागतो, आणि हिच्यात तो नाही."

कॉइलवर ओलं फडकं ठेवून अर्ध्या तासाने पाहिलं, तर ठिणगी पुन्हा निळी!

"म्हणून माझ्याकडे सापडत नव्हती," मिस्त्री कपाळावर हात मारत म्हणाले. "गॅरेजात येईपर्यंत बाईसाहेब गार. कॉइल म्हातारी झालीय वहिनी, आणि तुम्ही तिला दर वेळी पाऊण तास उकडत होता."

आई बाबांकडे वळली. "अहो, अंगण खरंच वाकडं होतं की!"

"मी आपलं तयारी म्हणून सांगितलं," बाबा पुटपुटले आणि मिस्त्रींसाठी चहा टाकायला आत गेले. चहा ते एरवी कधीच टाकत नाहीत.

मिस्त्रींनी आणलेली पहिली कॉइल मी मल्टिमीटरने मोजली तर दीडच ओहम भरली. ती बसवली असती तर दुप्पट वीज वाहून पॉइंट जळाले असते. दुसरी तीनची निघाली. ती बसवली.

परीक्षेच्या दिवशी आई किल्ली पर्समध्ये टाकून रांगेत बसली आणि या वेळी कुणालाही पुढे सोडलं नाही. बाबा आणि मी कुंपणाबाहेर उभे होतो. आठचा आकडा झाला, खांब झाले, चढ आला. आई मध्यावर थांबली, निघाली, आणि गाडीने एक धक्का खाऊन मान टाकली.

"नवी कॉइल ना?" बाबांनी माझा दंड घट्ट धरला.

गाडी मात्र इंचभरही मागे आली नाही. हँडब्रेक ओढलेला होता. लगेच इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि गाडी शांतपणे चढून माथ्यावर गेली. परीक्षकांनी खिडकीतून काहीतरी विचारलं. आई हसून बोलत होती. त्यांनी सही केली.

"काय झालं होतं?" बाबांनी पळत जाऊन विचारलं.

"क्लच," आई म्हणाली. "घाईत सोडला. या वेळी माझीच चूक, आणि माझी असेल तर ती मला दुरुस्त करता येते ना! साहेबांना तेच सांगितलं. म्हणाले, एकदा बंद पडली तर चालतं, मागे घसरायला नको."

बाबांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आई जागची हलली नाही.

"मागे बसा," ती म्हणाली. "लायसन्सचं ऑफिस पाचला बंद होतं, हा सहीचा कागद आजच द्यायचाय. बसताय, की चालत येताय?"