ब्रेकचा पट्टा

होळीपासून शेठच्या मागे भुणभुण लावली होती मी, "पॉवर प्रेसच्या ब्रेकचा पट्टा झिजलाय, नवा आणा." त्याचं गुजरातीत एकच पालुपद, "दगाकाका, चलावी लो ने!" घेतलं चालवून. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गजेंद्रनं पत्रा काढायला हात घातला, ब्रेकनं धरलंच नाही, अन् प्रेस आपोआप पुन्हा खाली आली. माझ्या भाचीचा, योगिताचा नवरा तो. उजवा पंजा गेला. मग मात्र शेठला नवा पट्टा लगेच सापडला. बैल गेला अन् झोपा केला!

प्रेस तेव्हापासून बंदच होती. आज कारखान्याच्या भेस्तानच्या शेडमध्ये मी जुना पट्टा उतरवला. झिजून पातळ झालेला, ते मला ठाऊकच होतं. पण बोटं बुळबुळीत झाली. तेल! तेल लागलं की ब्रेक घसरतो, धरतच नाही. अन् पट्टा ज्या चाकाला आवळतो, त्यावर कुंकवाचे ओघळ. माय वं! दसऱ्याला मशिनींची पूजा असते, घरच्या बाया येतात. मी गावी गेलो होतो, नाहीतर योगिताचा हात तिथंच धरला असता. भोळी पोर, नवऱ्याच्या मशीनवर मनापासून तेल ओतून गेली होती.

शेठला कळलं असतं तर त्यानं सगळं खापर तिच्या डोक्यावर फोडलं असतं. अन् तिला कळलं तर? ती पोर जगायची नाही. मी डिझेलच्या चिंधीनं चाक लख्ख पुसलं, जुना पट्टा पिशवीत कोंबला अन् नवा बसवला.

शेवटचा नट आवळतोय तोच योगिता आली. उद्यापासून या प्रेसवर तिचा भाऊ कुंदन बसणार होता. घर तर चालायला हवं!

"मामा, ब्रेक काब्र लागना नही?" तिनं कारण विचारलं.

"झिजेल व्हता. शेठनी चूक शे." खोटं नव्हतं ते, तरी मी तिच्याकडे न बघता नट आवळत राहिलो.

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मी तं इतली पूजा करी व्हती. काय कमी पडनं?"

"काही नही, बाय. तुनं काहीच कमी पडनं नही."

तिला ते पटलं नाही. कुंदनसाठी या वेळी जास्त वाहते म्हणत तिनं तेलाची बाटली काढली अन् थेट चाकावर कलती केली.

"तेल नको!"

मी असा ओरडलो की शेठ केबिनमधून बाहेर आला. तिचं मनगट माझ्या मुठीत होतं.

"काब्र, मामा?"

जन्मभर शेठलोकांना थापा मारल्या मी, अन् त्या घडीला एक साधी थाप सुचू नये?

योगिता माझ्याकडे बघत राहिली, मग चाकाकडे. शेठ विचारत होता, "शुं थयुं, काका?" तिनं बाटली खाली ठेवली. चाकावर बोट ठेवून ती मलाच म्हणाली, "दसऱ्याले बी तेल मी आठेच वतेल व्हतं."